तोर्तुगेरोची रनिंग रूम

गार्डकाकांना कासवांविषयी काडीचं प्रेम नव्हतं. ही गोष्ट ते लपवत नसत. उलट, कोस्टारिकाच्या ज्या किनाऱ्यावर जगभरातली पोरं निव्वळ कासवांच्या प्रेमापोटी पदरचे पैसे मोडून डास चावून घ्यायला येतात, तिथेच उभं राहून ते खणखणीत आवाजात सांगत, "कासवाचं काय एवढं कौतुक? आमच्या कल्याणला शंकराच्या देवळात शिरताना पायाशीच आहे दगडाचं. हात लावायचा, कपाळाला टेकवायचा, की पुढे गाभारा. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, मी त्याला कधी काही दिलं नाही."

तरीही त्या हंगामात तिथल्या कासवांच्या केंद्रातला सगळ्यांत कामाचा स्वयंसेवक कोण, असं विचारलं असतं, तर तिथल्या प्रमुख बाईंनी क्षणाचाही विचार न करता काकांकडे बोट दाखवलं असतं. आणि लगेच आवाज खाली आणून म्हटलं असतं, "पण त्यांना सांगू नका. आधीच खूप झालंय."

काका मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. कल्याण, कसारा, इगतपुरी, भुसावळ हा त्यांचा मुलूख. गाडीच्या शेवटी जो एकटा डबा असतो, त्या ब्रेकव्हॅनमध्ये एकट्याने बसून त्यांनी चौतीस वर्षं रात्री काढल्या. २०२२ साली रेल्वेने 'गार्ड' हे पद बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. काका त्याआधीच निवृत्त झालेले, त्यामुळे ही सल कायमची राहिली. "झोप मोडली गार्डने, मॅनेजर झाले मागून आलेले," असं ते दर चार वाक्यांमागे एकदा म्हणत. खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं, गळ्यात शिट्टी, आणि जवळ लाइन बॉक्स. गार्डची लोखंडी पेटी असायची ना, काळी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि मुख्यालय लिहिलेली, ती. लोखंडी पेटी विमानाने नेणं जड जाईल, असं कळल्यावर त्यांनी मुलाची नवीकोरी चाकांची बॅग घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने स्वतःचं नाव आणि 'कल्याण' असं घातलं. मुलगा त्यावर काही बोलला नाही. तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

मुलगा न्यूजर्सीला. काका-काकू तिथे सहा महिन्यांसाठी गेलेले. पहिल्याच आठवड्यात काकांनी न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक लावलं. दुसऱ्या आठवड्यात भांडी धुण्याच्या यंत्रात भांडी कोणत्या क्रमाने रचायची, याचा नकाशा काढला. तिसऱ्या आठवड्यात सुनेला उठायला अकरा मिनिटं उशीर झाला, त्याची वहीत नोंद झाली. तेव्हा नातीने इंटरनेटवर शोधून आजोबांसाठी कासवांच्या केंद्रातलं हे काम हुडकून काढलं. वयाची वरची अट नव्हती. अमेरिकेचा व्हिसा हातात असला की कोस्टारिकाचा वेगळा काढावा लागत नाही. अर्जात एक प्रश्न होता : रात्रीच्या कामाचा अनुभव आहे का? काकांनी तिथे जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली.

त्या हंगामात मीही तिथे स्वयंसेवक होतो. काकूंना मी नंतर विचारलं, तुम्हाला करमलं का त्यांच्याशिवाय? काकू म्हणाल्या, "मी फोनवर त्यांना सांगितलं, तुम्ही अजिबात घाई करू नका. कासवं सगळी वाचू देत."

तोर्तुगेरो कोस्टारिकाच्या ईशान्य टोकाला आहे. गावाला रस्ता नाही. राजधानी सान होसेहून बसने कारियारी, तिथून दुसऱ्या बसने ला पावोनाचा धक्का, आणि मग तासभर होडी. दोन्ही बाजूंनी जंगल, पाण्यात केमन नावाच्या छोट्या मगरी, वर माकडं. पाऊस महाबळेश्वरच्या तोडीचा, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्याला पावसाळ्याचीही वाट बघावी लागत नाही. गावाच्या पुढे सुमारे ३५ किलोमीटरचा काळसर वाळूचा किनारा. अटलांटिकच्या बाजूला हिरव्या कासवांचं अंडी घालण्याचं याहून मोठं ठिकाण नाही. आर्ची कार नावाचा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात इथे येऊन राहिला. त्या काळी रात्री किनाऱ्यावर आलेलं कासव लोक उताणं करून ठेवत आणि ते जिवंतच जहाजात चढवलं जाई. पुढे त्याचं युरोप-अमेरिकेतल्या बड्या लोकांच्या जेवणात सूप होई. कारने कासवांच्या वल्ह्यांना धातूचे नंबरी बिल्ले लावायला सुरुवात केली. १९५९ मध्ये या कामासाठी संस्था उभी राहिली, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ते बिल्ले लावणं आजही चालू आहे आणि त्याला माणसं लागतात. माणसं म्हटली की त्यांना झोपायला जागा, खायला अन्न आणि कपडे वाळत घालायला दोरी लागते. काकांच्या हाताशी नेमकं हेच खातं आलं.

आमचं केंद्र किनाऱ्यालगत, लाकडी खांबांवर उभं. एका खोलीत दहा जण, एकावर एक अशा खाटा, प्रत्येकीला मच्छरदाणी. आंघोळीला गार पाणी. वापरलेला कागद संडासात टाकायचा नाही, बाजूच्या टोपलीत टाकायचा, कारण नळ्या तुंबतात. ही सूचना ऐकून युरोपातली पोरं कानकोंडी झाली. काका मात्र तिथल्या तिथे प्लॅस्टिकची बाटली कापून टमरेल करून मोकळे झाले आणि म्हणाले, "कागदच नाही तर टोपली कशाला?" ही सुधारणा दोन आठवड्यांत निम्म्या खोलीने स्वीकारली. कोणी ते कबूल केलं नाही, पण न्हाणीघरात कापलेल्या बाटल्यांची रांग वाढत गेली आणि एकीवर तर कोणीतरी कासवाचं चित्रही काढलं.

पैशांचा विषय काकांनी पहिल्याच दिवशी काढला. पगार नाही हे त्यांना माहीत होतं. उलट आपणच आठवड्याचे पैसे भरायचे, हे त्यांना होडीत बसल्यावर कळलं, कारण नातीने ते सांगायचं टाळलं होतं. त्यांनी प्रमुख बाईंकडे हिशेब मागितला. बाईंनीही न चिडता दाखवला : होडीने येणारं रेशन, गॅस, होडीचं इंधन, बिल्ले, हातमोजे आणि गावातल्या गस्तवाल्यांचे पगार. हे गस्तवाले हंगामभर रात्री किनाऱ्यावर चालतात, त्यातल्या एकाचा आजोबा कासवं उताणी करण्यात पटाईत होता. काकांनी सगळं वाचलं, लाल पेनाने एक बेरीज दुरुस्त केली आणि समाधानाने मान हलवली. "म्हणजे आपण मालगाडी," मला म्हणाले. "रेल्वेत पॅसेंजर गाडी कशावर चालते? तिच्या तिकिटावर? छे. मालाच्या भाड्यावर. मिरवते पॅसेंजर, पैसा आणतो माल. इथे मिरवतं कासव." त्यानंतर पैशांबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. उलट पैसे भरल्याची पावती ते खिशात ठेवून फिरत.

आणि त्याच रात्री, मच्छरदाणीत शिरता शिरता, त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ओले मोजे, वाळूने भरलेले बूट, एका खाटेवर घोरणारा मँचेस्टरचा पोरगा, दुसरीवर मोबाइलचा उजेड. काकांच्या चेहऱ्यावर माहेरी आल्यासारखा भाव उमटला. "अरे," ते म्हणाले, "ही तर रनिंग रूम आहे."

ज्यांना रेल्वे फक्त खिडकीतून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. गाडी घेऊन परगावी गेलेले ड्रायव्हर आणि गार्ड परतीची गाडी मिळेपर्यंत जिथे विसावतात, ती रनिंग रूम. कोणी रात्री दहाला झोपतो, कोणी पहाटे चारला. शिधा आपला, रांधणारा तिथला. एकच नियम सगळ्यांवर : जो 'अंडर रेस्ट' आहे त्याची झोप मोडायची नाही. आणि ज्याची पाळी आली त्याला उठवायला कॉल बॉय येतो. 'बॉय' साठीचाही असू शकतो. हातात वही, तिच्यात वेळ लिहिलेली. झोपलेल्या माणसाने उठून तिथे सही करायची. सही झाली म्हणजे माणूस उठला, पुढची जबाबदारी त्याची.

तोर्तुगेरोला रात्रीच्या गस्तीच्या दोन पाळ्या : आठ ते बारा, आणि बारा ते चार. बाराची पाळी कधीच वेळेवर निघत नसे. मोबाइलचे गजर लावलेले असत, पण एकाच्या गजराने दुसरा उठे आणि ज्याचा गजर तो कुशीवर वळे. उशीर झाला तर नुकसान कासवाचं नसतं, नोंदीचं असतं. हिरवं कासव वर येतं, जागा शोधतं, वल्ह्यांनी खड्डा खणतं, अंडी घालतं, बुजवतं आणि परत जातं. या सगळ्याला दोनेक तास लागतात. पण अंडी पडताना मोजायची असतात, आणि तो पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. तेवढ्यात पोहोचलात तर आकडा. नाही तर वाळूत नुसता ट्रॅक्टर गेल्यासारखा माग.

काकांनी शाळकरी वही घेतली, रेघा मारल्या. नाव, उठवण्याची वेळ, सही. तिसऱ्या रात्री सव्वाअकराला मी डोळे उघडले तर मच्छरदाणीच्या बाहेर लाल दिव्याच्या उजेडात काकांचा चेहरा.

"साइन ऑन."

मी सही केली. ते पुढच्या खाटेकडे गेले. मँचेस्टरच्या पोराने झोपेतच पेन धरलं. सकाळी पाहिलं तर त्याची सही निम्मी वहीत, निम्मी उशीच्या अभ्र्यावर. बर्लिनच्या मुलीने हरकत घेतली. ती अठरा-एकोणीस वर्षांची असेल. जर्मन सरकार २००८ पासून अशा पोरांना खर्च देऊन वर्षभर जगात कुठेतरी सेवेला पाठवतं, तशी ती आलेली, म्हणजे तिच्या मागेही एक सरकार होतं. ती म्हणाली, माझ्याकडे फोन आहे, मला गजर आहे, हे काय लष्कर आहे का? शिवाय कोस्टारिकाने १९४८ मध्ये लष्कर रद्द केलंय.

काकांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या गजरावर सही कोण करतो?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने सही केली, रागाने, कागद फाटेल इतकी दाबून. काकांनी ती सही निरखली. "चांगली आहे. वाचता येते," म्हणाले. त्या रात्रीपासून बाराची पाळी बाराच्या आधी दोन मिनिटं दारात उभी राहू लागली.

स्वयंपाकघर गावातल्या एका बाईंच्या ताब्यात होतं. त्यांना सगळे 'दोन्या' म्हणत, तिकडे थोर बाईला तसंच म्हणतात. जेवण रोज तेच. सकाळी गायो पिंतो, म्हणजे आदल्या दिवशीचा भात आणि काळा घेवडा कांद्यावर, ढोबळी मिरचीवर परतलेला, वर कोथिंबीर. दुपारी भात वेगळा, घेवडा वेगळा, शेजारी तळलेलं पिकं केळं आणि असलं तर अंडं. रात्री दुपारचं उरलेलं. पहिला आठवडा पोरं त्याचे फोटो काढत. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या गप्पांत पिझ्झा येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा भाताकडे बघत बसलेला मी पाहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

काका मात्र ताटावर ताट रिचवत होते. "यात नवीन काय? सकाळी फोडणीचा भात, दुपारी उसळ-भात, रात्री शिळंपाकं. साठ वर्षं हेच जेवतोय. इथे नुसतं नाव स्पॅनिश." फक्त फोडणीत मोहरी नाही, ही त्यांची तक्रार. बॅगेतून मोहरीची पुडी निघाली, पाठोपाठ मेतकूट आणि लसणीची चटणी. दोन्याने पहिल्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काकांनी भाताच्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड मागून घेतली आणि मिटक्या मारत खाल्ली. आजवर ती खरवड डुकरांना जात असे. दोन्या दारात उभी राहून बघत होती. बाईमाणसाला आपल्या हातचं करपलेलंही कोणी चाटून खाताना दिसलं की तिथे भाषा लागत नाही. तिसऱ्या दिवशी मोहरी तडतडली. चौथ्या दिवसापासून लसणीच्या चटणीची बरणी टेबलावरून नाहीशी झाली. ती दोन्याने घरी नेली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि काकांनी त्याबद्दल चौकशी लावली नाही. चौकशी न लावलेलं त्यांचं हे एकमेव प्रकरण.

दोन्याने त्या बदल्यात एक दिवस गरम तांबूस पेय पुढे ठेवलं. आग्वा दुल्से. काकांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "गुळाचं पाणी!" दोन्याने फळीवरून ढेप काढून दाखवली, शंकूच्या आकाराची, वरून कापल्यासारखी. काकांनी नखाने खरवडून चाखली. "कोल्हापुरी नाही, पण गूळ आहे." मग आलं ठेचून गुळाचा चहा सुरू झाला, आणि पहाटे चारला ओल्या कपड्यांत परतणाऱ्या पाळीला तो आयता मिळू लागला. बर्लिनची मुलगी दूध घेत नसे, कुठल्याच प्राण्याचं काही घेत नसे. काकांना हे आधी पटेना. मग ते म्हणाले, "उपास समजू," आणि तिचा पेला बिनदुधाचा वेगळा ठेवू लागले. वर बशी झाकून.

कपडे तिथे वाळत नाहीत, ते फक्त वेगवेगळ्या प्रकारे ओले राहतात. पट्ट्यांवर, पाकिटांवर, पासपोर्टवर हिरवी बुरशी धरते. काकांनी पासपोर्ट सगळ्यांचे गोळा करून कोरड्या तांदळात पुरून ठेवले, बुटांत वर्तमानपत्र कोंबलं, आणि दोऱ्यांना फलाट क्रमांक दिले. फलाट एक, नुसते मोजे. फलाट दोन, गस्तीचे काळे कपडे, कारण किनाऱ्यावर रात्री गडद कपडेच चालतात. फलाट तीन, टॉवेल. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलेला कपडा 'बेवारस सामान' म्हणून पेटीत जमा, सोडवायला एक पातेलं घासायचं. पोरं हसली, मग चिडली, मग पातेली घासू लागली. तिसऱ्या आठवड्यात पेटी रिकामी राहू लागली.

एका शत्रूपुढे मात्र काकांचं काही चाललं नाही. हाउलर माकड. पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे बाराची पाळी नुकती आडवी झालेली असताना, ते झाडावरून असा आवाज काढतं की दोन-तीन मैलांवर ऐकू जावा. 'अंडर रेस्ट' लोकांच्या झोपेचा हा धडधडीत नियमभंग. काका लुंगीवर बाहेर गेले आणि पूर्ण ताकदीने शिट्टी वाजवली. वरून तिप्पट जोराने उत्तर आलं. काकांनी पुन्हा वाजवली. आता दोन झाडांवरून उत्तर आलं. आत दहा माणसं टक्क जागी झाली आणि प्रमुख बाईंनी खिडकीतून अतिशय सभ्य इंग्रजीत विनंती केली. काकांनी वहीत लिहिलं : माकड, इशारा दिला, दाद नाही.

त्यांच्याबरोबर मी किनाऱ्यावर गेलो. किनाऱ्यावर दर अष्टमांश मैलाला खांब रोवलेले आहेत, कासव कुठल्या खांबांमध्ये सापडलं ते लिहायचं असतं. काकांना हे रुळालगतच्या दगडांइतकं ओळखीचं. एकटं जायची मनाई, कारण या किनाऱ्यावर जग्वार कासवं मारायला येतो. चौतीस वर्षं एकट्याने बसलेल्या माणसाला ही मनाई जरा झोंबली. पण दिव्याने त्यांना खरी पंचाईत केली. पांढरा उजेड बंद, कारण त्याने कासव बिचकून परत फिरतं. फक्त लाल. काका म्हणाले, "जन्मभर लाल दाखवला की गाडी थांबली. आणि इथे लाल दाखवल्यावरच काम चालू!" प्रत्येक वेळी दिवा लावताना त्यांचा हात किंचित अडखळे.

बाराच्या पाळीत पहिलंच कासव मिळालं. मीटरभर लांब पाठ, मागच्या वल्ह्यांनी एकाआड एक अशी वाळू काढत, ओल्या मातीचा कुंडा असावा इतका नीट खड्डा केलेला. गस्तवाल्याने खूण केली. अंडी सुरू झाली की आम्ही मागून सरकलो. काका हातमोजा घालून पोटावर पालथे पडले, हात खड्ड्यात. अंडी ओली, मऊ कवचाची, दोन-दोन तीन-तीन पडतात. पोरं इथे मोजणी चुकतात, कारण ती बघत राहतात. काका बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. उभ्या मालगाडीचे डबे अंधारात ताब्यात घेताना जसं मोजत, तसं पुटपुटत होते. एकशे बारा. गस्तवाल्यानेही हातातल्या यंत्रावर टिचकी मारत मोजलं होतं. एकशे बारा.

मग बिल्ला. कासव वाळू लोटत असताना पुढच्या वल्ह्यावर लावायचा असतो, पण आधी जुना आहे का ते चाचपायचं. काकांनी चाचपलं आणि थांबले. जुना होता, मीठ चढलेला. गस्तवाल्याने आकडे वाचले. म्हणजे ही आधी इथे येऊन गेलेली. हिरवी कासवं साधारण दोन-तीन वर्षांनी परत अंडी घालायला येतात, मधला काळ शेकडो मैलांवर चरतात, आणि मग पुन्हा याच किनाऱ्यावर.

"याच?" काकांनी विचारलं.

"याच."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पाऊस सुरू झाला होता. मग म्हणाले, "कॉल बॉय नाही. वही नाही. सही नाही. आणि बघ, ड्युटीवर हजर." मी त्यांच्या तोंडून कासवाची एवढीच स्तुती ऐकली. पण लगेच त्यांनी लाल पेन काढलं आणि नोंदीच्या कागदावर, जिथे जागाच नव्हती तिथे, 'वेळेवर' असं मराठीत लिहिलं. तो कागद पुढे कुठल्या शास्त्रज्ञाच्या हाती गेला असेल तर त्याचं काय झालं असेल, देव जाणे.

हंगाम पुढे सरकला तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जी पोरं कासवावर सगळ्यांत जास्त जीव टाकत, दंडावर कासवाचं गोंदण घेऊन आलेली, पहिल्या रात्री रडलेली, तीच आधी परत गेली. एकाला भात सोसवेना, एकीला खालचा घोरणारा, एकाला आपली पाळी सोडून भांडी घासायला लावली म्हणून राग आला. कासवाने कोणालाच त्रास दिला नव्हता. माणसं माणसांना, भाताला, ओल्या मोज्यांना कंटाळून गेली. मागे राहिले ते ज्यांना दुसऱ्याच्या खाटेशेजारी झोपता येत होतं. किनाऱ्यावरच्या नोंदी त्यांच्या जिवावर भरल्या जात. बर्लिनची मुलगी त्यात होती. काका निघाले तेव्हा ती धक्क्यावर आली, वही तिच्या काखेत. आता सव्वाअकराला उठवायचं काम तिच्याकडे होतं. होडी सुटताना काकांनी शिट्टी वाजवली, तिने लाल दिवा दाखवला. काका ओरडले, "हिरवा! निघताना हिरवा!"

परत आल्यावर काकांनी कल्याणात स्वस्थ बसायचं नाकारलं. मार्चमध्ये ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन आले. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावाला बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. हीच जात कोस्टारिकाच्या पलीकडच्या, पॅसिफिक किनाऱ्यावर ओस्तिओनालला हजारोंनी एकदम वर येते. वेळासला पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात, जेवतात. काका आले ते खुशीत. "तिकडे पैसे भरून घेवडा, इकडे पैसे भरून उकडीचे मोदक. सांग, शहाणं कोण?" मात्र एक त्रुटी त्यांना आढळली : पिल्लं सोडायच्या वेळी पाहुणे उशिरा येतात. काका गावात एक वही ठेवून आले.

आता शेजारपाजारच्या पोरांत बातमी पसरली आहे. परवा मजल्यावरचा एक मुलगा सल्ला मागायला आला. इंजिनिअरिंग झालंय, नोकरीआधी परदेशी जाऊन वन्यजीवांसाठी काहीतरी करायचंय. काकांनी त्याला बसवलं, वही उघडली.

"काका, मला लहानपणापासून प्राण्यांची प्रचंड आवड आहे."

"आवडीचा रकाना नाही यात. वरच्या खाटेवर झोपतोस?"

"झोपेन."

"खालचा घोरला तर?"

"इअरफोन लावीन."

"मग उठवलेलं ऐकू कसं येणार?" लाल पेनाने फुली. "एकच भाजी किती दिवस चालते?"

"दोन… तसं आई रोज वेगळं करते."

"भाताचं पातेलं घासलंयस कधी? तळाला लागलेलं?"

मुलगा जरा हसला. "नाही हो. ते आईच घासते."

काकांनी टोपण लावून लाल पेन खिशात ठेवलं आणि निळं काढलं.

"तिचं नाव सांग. फॉर्म तिचा भरू."